पोराचं ड्रॉइंग चांगलं आहे, शू डिझायनर होईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहून काढतोय, नाहीतर बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हे मी तोंडी सांगत असतोच. कुणीतरी पाव्हण्यातलं, कुणीतरी मित्राच्या ओळखीतलं, पोराला घेऊन कोल्हापुरात सुभाषनगरात आमच्या दारात येतं, कारण मी शू डिझायनर. पोराच्या हातात स्केचबुक, त्यात पानापानावर स्नीकर काढलेले, सगळे बाजूनं बघितलेले, सगळ्यांची तोंडं डावीकडं. आणि आई विचारते, दादा, याचं ड्रॉइंग लई चांगलं आहे, शू डिझायनर व्हायचं म्हणतोय, होईल का, आणि कुठला कोर्स करायचा? 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखे सँडल घालून मॉडेल चालले तेव्हापासून तर असले फोन फारच वाढलेत.

कोर्सचं पटकन सांगून टाकतो, कारण ते गूगलवर पण मिळतं. एफडीडीआय म्हणून बूट-चपलांचं डिझाईन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, 1986 ची, मुख्य कॅम्पस नोएडाला. तिथं बारावीनंतर चार वर्षांचं बी.डेस., म्हणजे डिझाईनची पदवी होते, त्याला एआयएसटी नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यांचे कॅम्पस बऱ्याच राज्यांत आहेत पण महाराष्ट्रात नाही, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्या नावानं जगभर मिरवणाऱ्या आपल्या पोरांनी हैदराबादला नाहीतर अंकलेश्वरला जायचं, असो. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या काही सेंटरना लेदर डिझाईन आहे. आग्रा आणि चेन्नईला सीएफटीआय म्हणजे बूट-चपला करायला शिकवणारी संस्था आहे, तिथं डिप्लोमा आणि छोटे कोर्स मिळतात, ज्याला हातानं काम शिकायचंय त्याला मी आधी तेच सुचवतो. आणि पैसे असतील तर मिलानला आर्स सुतोरिया ही बुटांची शाळा आहे, मी एकदा तिथली फी काढली होती, ती ऐकून बायकोनं न बोलता मला पाणी आणून दिलं.

झालं कोर्सचं. आता ड्रॉइंगचं.

मी चांभाराच्या घरातला. आज्जा कापशी पद्धतीच्या कोल्हापुरी चपला करायचा, आजी आणि आत्ती दारात बसून चामड्याच्या वेण्या घालायच्या, घरभर ओल्या चामड्याचा वास, तो आम्हाला यायचाच नाही, शाळेतल्या पोरांना मात्र यायचा. बाबांनी ठरवलं होतं की हे माझ्याबरोबर संपवायचं. स्वतः शिरोलीला फौंड्रीत लागले, आणि मी आज्ज्याच्या रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, हात लावला की लांबून ओरडायचे, ठेव ती, पुस्तक घे. मग मी काय केलं, तर आग्र्याला गेलो, फी भरली, हॉस्टेलची पातळ डाळ खाल्ली आणि चामडं कापायला शिकलो. घरी फुकट मिळत होतं. शाळेत असताना आज्जा चपला करतो म्हणून सांगायला जीभ रेटायची नाही, आता मी शू डिझायनर म्हटलं की लोक खुर्ची पुढं करतात. धंदा तोच, चामडं तेच. याच्यावर बाबा अजून काही बोलत नाहीत, फक्त माझा पगार किती ते चारचौघांत जरा वाढवून सांगतात.

आज्ज्याकडं कुणी जोड करायला आलं की तो पहिलं म्हणायचा, जुनी दाखव. मग ती चप्पल उलटी करून टाच बघायचा. टाच बाहेरच्या कडेनं झिजलीय का आतल्या, अंगठ्यानं तळात खड्डा केवढा पाडलाय, एका पायाचा जास्त आणि दुसऱ्याचा कमी आहे का. हे बघून झाल्यावर मग कागदावर पाय ठेवायला लावायचा, आणि बसून नाही, उभं राहून, कारण अंगावरचं वजन आलं की पाऊल पसरतं. दोन्ही पावलांचं माप वेगवेगळं घ्यायचा. कुणी सकाळी आलं तर सरळ सांगायचा, तिन्हीसांजेला ये, आत्ता पाय खोटं बोलतोय. दिवसभर उभं राहून पाय सुजतो, त्या मापाला केलेली चप्पल सकाळी थोडी सैल बसेल पण संध्याकाळी काचणार नाही. हे सगळं मी आग्र्याला इंग्रजी पुस्तकातून परत शिकलो, परीक्षेत त्याला दहा मार्क होते.

पहिली नोकरी तमिळनाडूत, अंबूरच्या बाजूला एका फॅक्टरीत, असिस्टंट डिझायनर, पगार 14 हजार. मला वाटलं आता कोल्हापूर दाखवतो यांना. लेडीज बूट काढला, बंद, पुढच्या भागावर आडवी कोल्हापुरी वेणी, खाली सोलच्या कडेत जाऊन गुप्त होणारी. स्केच असलं भारी झालं होतं की ऑर्डरी सांभाळणाऱ्या मर्चंडायझरनं भिंतीवर लावलं. मग ते सॅम्पल रूममध्ये, चामडं कापायचे साचे काढणाऱ्या पॅटर्न मास्टरकडं गेलं. साठीच्या आसपासचा माणूस, लुंगी, कानावर पेन्सिल, हिंदी तुटकी आणि मराठीचा तर प्रश्नच नाही. त्यानं स्केच हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि कागद उलटा केला. मागं कोरा. मला वाटलं रद्दी समजतोय काय. त्यानं बोटानं मागची कोरी बाजू दाखवली आणि विचारलं, अंदर?

अंदर म्हणजे बुटाची आतली बाजू, दुसऱ्या पायाकडची. मी ती काढलीच नव्हती. काढली नव्हती एवढंच नाही, माझ्या डोक्यातच ती नव्हती. वेणी बाहेरून सुरू झाली, बोटांवरून गेली, आणि पलीकडं उतरून कुठं जाते, कुठं शिवली जाते, तिचं टोक कुठं लपतं, काही ठरवलेलं नव्हतं. त्या दिवसापासून कुणाचंही स्केचबुक आलं की मी पण कागद उलटा करून बघतो. पोरांना वाटतं मी किंमत शोधतोय.

मग मास्टरनं मला फरम्यासमोर बसवलं. फरमा म्हणजे लास्ट, प्लॅस्टिकचा पाय, ज्याच्यावर बूट बांधतात. त्याला वरून मास्किंग टेप चिकटवायची, पट्टीवर पट्टी अर्धी चढवून, एक सुरकुती येऊ द्यायची नाही. मग नाकापासून वर आणि मागं टाचेवर मधली रेघ मारायची. मग पेन्सिलीनं डिझाईन त्या टेपवर काढायचं, पायाभोवती फिरून, कागदावर नाही. आणि मग ब्लेडनं मधल्या रेघेवर कापून ती टेपची साल सोलायची आणि पुठ्ठ्यावर सपाट चिकटवायची. इथं खरी गंमत आहे, कारण ती सपाट होतच नाही. करवंटीवर कागद चिकटवून सोला आणि टेबलावर दाबून बघा, कुठंतरी चुणी पडणार नाहीतर कुठंतरी फाटणार, तसंच. ती चुणी कुठं मारायची, कुठल्या कडेला दोन मिलिमीटर खायचे आणि कुठं सोडायचे, हे ज्याला कळतं तो पॅटर्न मास्टर, आणि ज्याला निदान दिसतं तो डिझायनर. वरून सोलखाली ओढून चिकटवायला खालच्या कडेनं दीडएक सेंटीमीटर जास्तीचं चामडं ठेवायचं ते वेगळंच. मी पहिल्यांदा ते विसरलो होतो, सॅम्पल माझ्या पुतणीला आलं असतं.

तरी माझी वेणी फसलीच. फरम्यावर अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, चढवताना मशीन त्याला चिमट्यांनी चारी बाजूंनी ओढतं, आणि ओढल्याबरोबर वेणीचे पेड उघडले, मधून खालचं अस्तर दिसायला लागलं. घरी वेणी नुसती पट्ट्यावर शिवतात, तिला कुणी असं ताणत नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तरी सुचलं नाही. वर वेणीचं जाड टोक बरोबर करंगळीच्या सांध्यावर आलेलं. सॅम्पल घालून बघायला ऑफिसमधली एक मुलगी होती, ती दिवसभर घालून फिरली आणि संध्याकाळी बँडेजची पट्टी लावलेला पाय घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. भिंतीवरचं स्केच मीच काढून घेतलं.

आपल्या कोल्हापुरीत लहानाचं मोठं झालेल्याला बूट करणं अवघड का जातं ते मला फार उशिरा कळलं. कोल्हापुरीला फरमा नसतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, तळ कापायचा, ओला करून ऐरणीवर कुटायचा, दोन्ही बाजूंचे कान जोडायचे, पट्टा, अंगठा, वादीनं शिवण, खिळा नाही. पायाचा आकार तिला आधीपासून माहीतच नसतो. पहिले आठ दिवस ती चावते, आपण तेल लावतो, शिव्या देतो, आणि मग हळूहळू घालणाऱ्याचं पाऊल तळात उमटतं आणि ती त्याची होते, दुसऱ्याला घालवत पण नाही. म्हणजे अर्धं फिटिंग गिऱ्हाईकच करतंय. बुटाला ही सवलत नाही. दुकानात पाय घातल्यापासून दोन मिनिटांत तो बसला पाहिजे, नाहीतर माणूस डबा बंद करून पुढच्या दुकानात. म्हणून फरम्यात सगळं आधीच भरून ठेवावं लागतं, बोटांपुढची मोकळी जागा, चवड्याचा घेर, टाचेची उंची, पाऊल पुढं टाकताना नाक जमिनीपासून किती उचललेलं पाहिजे ते.

आणि हा फरमा पण बहुतेक वेळा परक्या पायाचा. आपण जे आठ नंबर, नऊ नंबर म्हणतो ते इंग्लंडचं माप, एका नंबरात एक तृतीयांश इंच म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपासचा फरक. युरोपचं 42, 43 हे वेगळं, त्यात 6.67 मिलिमीटर. भारतीय पायासाठी भारताचं स्वतःचं माप नव्हतंच. चेन्नईच्या सीएलआरआयनं, म्हणजे केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं, 2021-22 मध्ये देशभरात एक लाखावर माणसांची पावलं मोजली, त्यातून 'भ' नावाची मापपद्धत सुचवलीय, आणि त्यात निघालं काय, तर आपली पावलं युरोपच्या माणसांपेक्षा रुंद. आज्ज्याला हे विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. आपल्याकडं माणूस बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा घेतो, मग रुंदी जमते आणि टाच निसटते. तुमच्या घरात निम्म्या लोकांचं असंच असणार, बघा.

रोजच्या कामाचं विचाराल तर ड्रॉइंग दिवसातून तासभर. बाकी टेक पॅक भरायचे, त्यात धाग्याच्या नंबरापासून कड किती पातळ छिलायची तिथपर्यंत सगळं लिहायचं, आणि मग खरेदीवाल्याबरोबर एका बकलवरनं भांडायचं कारण त्याला सहा रुपयांचं परवडतं आणि मला नऊचं पाहिजे. चामड्याशी भांडण वेगळं. पाठीचं घट्ट, पोटाकडचं ढिलं, बुटाच्या पुढच्या भागाला पोटाचं लावलं तर महिन्यात पिशवी होते. नाव कुठं येत नाही. दुकानात आपला बूट दिसला तर शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगायचं, हा माझा, आणि तो म्हणणार, हो का. पगार पहिली तीन-चार वर्षं रडवतो, इंजिनियर झालेल्या चुलत भावाशी तुलना करायची नाही म्हणजे नाहीच. मी अंबूर, मग आग्रा करून परत आलो, आता कोल्हापुरात बसून बाहेरच्या फॅक्टऱ्यांना पॅटर्न आणि टेक पॅक करून देतो आणि वेळ मिळेल तसं इथल्या दोन-तीन कारागिरांबरोबर तळाला रबर लावलेली, पावसात चालणारी कोल्हापुरी जमवतोय. अजून जमलेली नाही, जूनमध्ये रंकाळ्यापर्यंत जाऊन येते आणि जुलैत सुटते.

प्राडाचं पण लोक विचारतात, चोरी का काय. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा नुसतं लेदर सँडल म्हणून दाखवलं, बोंबाबोंब झाल्यावर कोल्हापुरीचं नाव घेतलं, मग त्यांची माणसं इथं येऊन गेली, पुढं डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार पण झाला. पण एक गोष्ट पोरांनी समजून घ्या. 2019 ला कोल्हापुरीला जो जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, ते नावाचं रक्षण करतं. आकार उचलला आणि नाव घेतलंच नाही तर जीआय तिथं फारसं काही करू शकत नाही. इथल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनीत, याच्यावर तासन्‌तास भांडणं झाली आणि त्याच लाईनीत दुकानात रेक्झिनच्या कोल्हापुऱ्या टांगलेल्या होत्या, त्यावर कुणी बोललं नाही.

परवा राजारामपुरीतनं एक बाई आल्या, बरोबर पोरगं, बारावी झालेलं, स्केचबुक. मी कागद उलटा केला, कोरा. मग मी आतून माझा एक जुना फॉर्मल बूट आणला, त्याच्यासमोर टाकला, रापी आणि पक्कड दिली आणि म्हटलं, खोल, एकेक भाग वेगळा करून जमिनीवर मांड. आई फीचं विचारत होती, हॉस्टेलचं विचारत होती, प्लेसमेंटचं विचारत होती, मी सांगत होतो आणि एक डोळा पोराकडं. सोल निघाला, मग इनसोल उचकटला, आणि त्याच्या खालनं बोटभर लांबीची लोखंडी पट्टी निघाली. पोरगं थांबलं. म्हणालं, ही कशाला? मी म्हटलं, तूच सांग. त्यानं सोल नसलेला तो बूट हातात वाकवून बघितला, मग पट्टी ठेवून परत वाकवून बघितला, टाचेच्या पुढं बोट ठेवलं आणि म्हणालं, इथं खाली काहीच नाही, पोकळ आहे, पाय खाली जाईल म्हणून. जाताना पट्टी मागून घेतली, खिशात घालून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या बाईंचा फोन. दादा, कार्ट्यानं रात्रीत यांचे लग्नातले बूट उसवून ठेवलेत, रविवारी नात्यात लग्न आहे, आता ते शिवून कोण देणार?