गुडघ्यांसाठी आलेले काका आणि अडखळणारी नाडी

आमच्या सोलापुरात ॲक्युपंक्चरचे नाव काढले की अनेकांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. एसटीतून निवृत्त झालेले हे काकाही खुर्चीत बसता बसता म्हणाले, “कोटणीसांची विद्या म्हणून आलोय, मॅडम.” नेहमीप्रमाणे मी सांगितले की 1938 मध्ये भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि 1942 मध्ये तिथेच वारले, सुयांची विद्या त्यांच्या पथकातले डॉ. बसू 1950 च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. काकांना या दुरुस्तीत रस नव्हता. त्यांचे गुडघे जिना उतरताना दुखत होते, एक्स-रेमध्ये झीज दिसत होती आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर ते दिवस ढकलत होते.

मग मनगट पुढे करून ते म्हणाले, “बाकी मी काही सांगत नाही. नाडी बघून तुम्हीच सांगा.”

अशी परीक्षा घेणारे रुग्ण बरेच भेटतात. नाडीवरून माणसाचे सगळे दुखणे कळते, असा दावा मी करत नाही. एकाच मनगटावर दोन जाणकारांनी दोन वेगळ्या नाड्या सांगितल्याचे मी पाहिलेले आहे. तरीही चिनी पद्धतीची नाडीपरीक्षा मी सोडलेली नाही, कारण ती घाईने करताच येत नाही. अंगठ्याच्या बाजूला त्सुन, ग्वान आणि छी या तीन जागांवर तीन बोटे ठेवायची, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब द्यायचा, आणि तेच सगळे दुसऱ्या हातावर पुन्हा करायचे. एवढा वेळ रुग्णाचे मनगट हातात धरून गप्प बसणे हल्ली कुठल्याच दवाखान्यात फारसे घडत नाही.

काकांची नाडी जलद होती आणि तिला ताल नव्हता. दोन ठोके लागोपाठ येत, मग खंड पडे, मग एक जोरकस ठोका, मग बोटाला जेमतेम जाणवणारे तीन-चार. सोळाव्या शतकात चिनी वैद्य ली श्रचेन यांनी नाडीचे 27 प्रकार वर्णिले आहेत. त्यांत अनियमितपणे थांबणाऱ्या जलद नाडीला ‘त्सू’ म्हटले आहे. नाव काहीही असो, मला एवढेच पाहायचे होते की या अडखळण्याला काही क्रम आहे का. अधूनमधून एखादा ठोका चुकणे बऱ्याच निरोगी माणसांतही आढळते, पण तिथे मूळ ताल पुन्हा पकडता येतो. इथे दोन्ही हातांवर तो कुठेच सापडेना. छातीला स्टेथोस्कोप लावला तर मनगटापर्यंत पोहोचत होते त्याहून जास्त ठोके ऐकू आले, आणि रक्तदाबाचे यंत्र प्रत्येक वेळी वेगळाच आकडा दाखवू लागले.

विचारल्यावर कळले की जिना चढताना दम लागतो, तो काकांनी वयावर ढकलला होता. छातीत धडधडते, ते पित्तावर. त्या दिवशी मी सुया लावल्या नाहीत. सुयांनी अपाय झालाच असता असे नाही, पण गुडघा थोडा हलका झाला असता तर काका खुशीत घरी गेले असते आणि ईसीजी राहूनच गेला असता. “गुडघ्यासाठी आलो तर तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवताय,” म्हणून ते चिडले. मी मग त्यांच्याशी वाद न घालता सोबत आलेल्या काकूंच्या हातात चिठ्ठी दिली.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघाले. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हा धोका साधारण पाचपट वाढतो. हृदयरोगतज्ज्ञांनी इको केला, ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवणारे औषध दिले आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. त्या गोळीसोबत वेदनाशामक घेतले तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या.

त्यामुळे काका पुन्हा माझ्याकडे आले, आता खऱ्याच अडचणीत. मी त्यांना आधी व्यायाम सांगितला, कारण मांडीचे स्नायू बळकट करण्याइतका भरवशाचा उपाय या दुखण्यावर दुसरा क्वचितच असेल. हेही सांगितले की सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये, असे उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 मध्ये म्हटले आहे, कारण खऱ्या आणि खोट्या (नुसता टोचल्याचा भास देणाऱ्या) सुयांमधला फरक चाचण्यांत फारसा दिसत नाही. माझ्या पोटापाण्याचा हा धंदा असला तरी रुग्णापासून हे लपवणे मला पटत नाही. काका म्हणाले, “ते असू द्या. गोळी बंद झाली, आता तुम्ही बघा.”

हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घेऊन मी 0.20 मिलिमीटरच्या बारीक सुया वापरल्या: गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला त्सूसानली आणि आतल्या बाजूला यिनलिंगछ्वान या बिंदूंवर. खोल गेले नाही, कपिंग करून (त्वचेवर पेले लावून) रक्त काढण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सुई काढल्यावर प्रत्येक जागा कापसाने नेहमीपेक्षा बराच वेळ दाबून धरली. तरी एका जागी निळसर डाग पडलाच. तो वाढतोय का, यावर लक्ष ठेवायला काकूंना सांगितले. तो वाढला नाही.

जिना उतरताना आता काका कठडा धरतात, पण थांबत नाहीत. यात सुयांचा वाटा किती आणि काकू रोज समोर बसून करवून घेतात त्या व्यायामाचा किती, हे मला सांगता येणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र चुकवायची नाही, हे मी प्रत्येक भेटीत त्यांना बजावते.