ब्रायन मेसारखा आवाज हवा असेल तर डिस्टॉर्शन पेडल बाजूला ठेवा

क्वीन बँडच्या ब्रायन मेची गिटार ऐकून पहिली चूक होते ती डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज फाडणारा पायाखालचा डबा, विकत घेण्याची. पेडल लावलं की आवाज फाटतो खरा, पण तो सोलोतला रेशमी, माणसाच्या गळ्यासारखा सूर काही येत नाही. कारण त्या आवाजात डिस्टॉर्शन पेडल नाहीच. जे फाटतं ते अ‍ॅम्पमध्ये फाटतं. गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधला एका ट्रान्झिस्टरचा डबा त्याला फाटायला लावतो. सगळी साखळी एवढीच: गिटार, ट्रेबल बूस्टर (तोच एका ट्रान्झिस्टरचा डबा), व्हॉक्स एसी३० अ‍ॅम्प. ही जोडी ब्रायननं रोरी गॅलघरकडून उचलली. गॅलघर तेव्हा टेस्ट नावाच्या बँडमध्ये वाजवायचा आणि त्याच्याकडे एसी३० होता, सोबत डॅलस कंपनीचा रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर.

ट्रेबल बूस्टर या नावानं पुष्कळांचा गैरसमज होतो. याचं काम आवाज टोचरा करणं नव्हे. गिटारच्या सिग्नलमध्ये सगळ्यात जास्त जोर खालच्या तारांचा असतो. तो जसाच्या तसा अ‍ॅम्पमध्ये ढकलला तर बेसच आधी फाटतो आणि बाकीच्या सुरांना आपल्याबरोबर ओढतो. कॉर्ड वाजवली की नुसता चिखल. बूस्टर खालचा भाग जवळजवळ तसाच ठेवून वरचा तेवढा उचलतो. मग अ‍ॅम्प फाटतो तो वरच्या मध्यपट्टीत, आणि फाटताना तीच पट्टी दाबली जाते. स्पीकरमधून बाहेर येईपर्यंत आवाज पुन्हा गोल झालेला असतो. म्हणजे बेस बाकीच्या मानानं कमी करायचा तो फाटण्याआधी, नंतर नाही. डिस्टॉर्शननंतरच्या इक्वलायझरवर कितीही नॉब फिरवले तरी चिखल निवळत नाही.

रेंजमास्टरचं सर्किट घरी बांधण्याइतकं सोपं आहे. एक ओसी४४ जर्मेनियम ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टरच्या 'बेस' नावाच्या पायाला ४७० किलोओहम आणि ६८ किलोओहमची जोडी, एमिटरला ३.९ किलोओहम आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरला १० किलोओहमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर). आत येताना ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, बाहेर जाताना १० नॅनोफॅरडचा. ९ व्होल्टची बॅटरी. झालं. ओसी४४ मिळाला नाही तर दुसरा कुठलाही पीएनपी जर्मेनियम चालतो, फक्त गेन (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) ७० ते १०० च्या दरम्यान असावा आणि गळती कमी असावी. जोडून झाल्यावर ग्राउंड आणि कलेक्टर यांच्यामध्ये मीटर लावा. आकडा ७ व्होल्टच्या आसपास आला तर बरोबर. ४ किंवा ५ आला तर ट्रान्झिस्टर गळका आहे, किंवा बेसचे रेझिस्टर बदलायला हवेत. जर्मेनियम तापला की हा आकडा सरकतो, म्हणून गरम स्टेजवर संध्याकाळी एक आवाज आणि रात्री दुसरा असं होऊ शकतं. ब्रायनकडे पुढे जे बूस्टर आले, पीट कॉर्निशनं बांधलेले आणि नंतर ग्रेग फ्रायरचे, त्यांच्यात सिलिकॉनकडे वळण्यामागे हा स्थिरपणाही होता.

एक धोक्याची गोष्ट. पीएनपी रेंजमास्टरमध्ये बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. बाकीच्या पेडलांत ऋण टोक ग्राउंडला. एकाच अडॅप्टरवरून माळ लावून सगळ्यांना वीज दिली की थेट शॉर्ट होतं. या डब्याला स्वतःची बॅटरी द्या, किंवा खरोखर वेगळं आउटपुट असलेला पॉवर सप्लाय वापरा.

आणि बूस्टर गिटारनंतर लगेच. मध्ये काही नको. ट्यूनरसुद्धा नको, वायरलेसही नको. हा हट्ट नाही, त्याला हिशेब आहे. बूस्टरचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, फार कमी, साधारण ६-७ किलोओहम. पिकअपचा (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या गुंडाळीचा) स्वतःचा रेझिस्टन्स त्याच्याशी जोडला जातो आणि ५ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर मिळून बूस्ट सुरू होण्याची जागा ठरवतो. पिकअप सरळ जोडला तर ती जागा दोन किलोहर्ट्झच्या आसपास येते. मध्ये बफर (सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट) असलेलं पेडल आलं की पिकअपचा रेझिस्टन्स हिशेबातून गायब होतो, जागा साडेचार किलोहर्ट्झच्या वर जाते आणि आवाज कानात सुई टोचल्यासारखा होतो. 'बूस्टर फार कर्कश आहे' अशी तक्रार असते तेव्हा दहातल्या आठ वेळा त्याच्या आधी बंद अवस्थेतही बफर चालू असलेलं ट्यूनर पेडल सापडतं. तरीही आवाज पातळच वाटला, तर आतला ५ नॅनोफॅरड काढून ६.८ किंवा १० घाला. चमकदार सिंगल कॉइल पिकअपवर मला १० च पटतो, मग इतिहास काहीही म्हणो.

याच कमी इम्पीडन्समुळे गिटारचा व्हॉल्यूम नॉब इथे निराळाच वागतो. एरवी व्हॉल्यूम उतरवला की आवाजाची धार जाते, कारण नॉबचा रेझिस्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल खातात. इथे बूस्टरच इतका भार टाकतो की केबलला खायला काही उरत नाही. नॉब १० वर ठेवला की सोलो, ७ वर कुरकुरीत कॉर्ड, ३ ते ४ वर जवळजवळ स्वच्छ आवाज, आणि तरी धार कायम. ब्रायन एका गाण्यात तीन वेगळे अ‍ॅम्प असल्यासारखा वाजवतो त्यातलं अर्धं गुपित त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीजवळ आहे. गिटारमध्ये व्हॉल्यूमवर ट्रेबल ब्लीडचा (व्हॉल्यूम उतरवला तरी ट्रेबल टिकवणारा) कपॅसिटर बसवलेला असेल तर तो काढा. त्यानं नॉब उतरवल्यावर आवाज पत्र्यासारखा होतो.

आता अ‍ॅम्प. एसी३० मध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह, कॅथोड बायस, आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नाही. म्हणून तो एका विशिष्ट टप्प्यावर धाडकन फाटत नाही, हळूहळू घट्ट होत जातो. ब्रायन नॉर्मल चॅनेल वापरतो, टॉप बूस्ट हे दुसरं चॅनेल नाही. नॉर्मलमध्ये टोन कंट्रोल जवळपास काहीच नाही. गेनही कमी, त्यामुळे प्रीअ‍ॅम्प फार फाटत नाही आणि धक्का थेट फेज इन्व्हर्टर (पॉवर व्हॉल्व्हना सिग्नल वाटून देणारा टप्पा) आणि पॉवर व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. व्हॉल्यूम पूर्ण. कट नावाचा नॉब उलटा चालतो हे लक्षात ठेवा, वाढवला की ट्रेबल कमी होतो. मध्यावर ठेवून सुरुवात करा आणि कानाला बोचलं तर वाढवा. स्पीकर दोन १२ इंची, सेलेशन ब्लू, अल्निको चुंबकाचे, पाठ उघडी. पाठीमागून निघणारा आवाज हाही त्या आवाजाचाच भाग, त्यामुळे अ‍ॅम्प भिंतीला चिकटवून ठेवू नका.

अडचण उघड आहे. पूर्ण व्हॉल्यूमवर एसी३० घरात वाजवता येत नाही. तीस वॅट आकड्यानं लहान, कानाला राक्षसी. मास्टर व्हॉल्यूमवाल्या मॉडेलवर मास्टर खाली आणून वाजवलं तर फाटतो तो फक्त प्रीअ‍ॅम्प, आणि तो आवाज मधमाशीच्या जवळ जातो. खरा मार्ग अ‍ॅटेन्युएटर, अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून ताकद कमी करणारा डबा. त्याचा ओहमचा आकडा स्पीकरशी जुळवा. फार खाली उतरवलं तर स्पीकर हलेनासा होतो आणि आवाज चपटा होतो, म्हणून शक्य असेल तेवढं कमीच उतरवा. दुसरा पर्याय, ईएल८४ चा चार-पाच वॅटचा छोटा अ‍ॅम्प. मॉडेलरमध्ये (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रात) करायचं तर एसी३० चं नॉर्मल चॅनेलचं मॉडेल शोधा, त्याच्या आधी ट्रेबल बूस्टरचा ब्लॉक, पुढे २x१२ अल्निकोचा कॅबिनेट. मॉडेलरच्या इनपुटचा इम्पीडन्स बदलता येत असेल तर खाली आणा. नाहीतर वर सांगितलेली सुई इथेही टोचते.

गिटारबद्दल. रेड स्पेशल ही ब्रायनची गिटार त्यानं आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी १९६३ मध्ये घरी बांधायला घेतली. मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची. तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप, जे शिट्टी मारत होते म्हणून त्यानं आतमध्ये अ‍ॅरल्डाइट ओतलं. लाकडावर वाद घालणाऱ्यांनी घालावा, आवाजाच्या दृष्टीनं निर्णायक गोष्ट वायरिंग आहे. तिन्ही पिकअप सीरिजमध्ये (एकापुढे एक जोडलेले), प्रत्येकाला एक चालू-बंद स्विच आणि एक फेजचा, म्हणजे सिग्नल उलटा करणारा, स्विच. स्ट्रॅटमध्ये (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये) दोन पिकअप एकत्र केले की ते समांतर असतात आणि आवाज पोकळ, टणत्कारी होतो. सीरिजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, इंडक्टन्सचीही. साधारण अडीच हेन्रीचा एक पिकअप पाचशे पिकोफॅरडच्या केबलवर साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त उठतो. तसेच दोन सीरिजमध्ये आले की तो कळस ३.२ किलोहर्ट्झवर येतो. जाड, नाकातला, तरीही स्पष्ट.

स्ट्रॅटवर हे करता येतं. ब्रिज पिकअपची काळी तार पॉटच्या पाठीवरून सोडवा आणि मधल्या पिकअपच्या पांढऱ्या तारेला जोडा. मधल्याची काळी तार ग्राउंडवरच राहू द्या. ब्रिजची पांढरी तार व्हॉल्यूमकडे. हे कायमचं नको असेल तर पुश-पुल पॉटचा डबल पोल डबल थ्रो स्विच मध्ये घाला. मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असेल तर घूंघूं आवाजही जातो. सीरिजमध्ये एखादा पिकअप बंद करायचा म्हणजे त्याची तार तोडायची नाही, त्याच्या दोन टोकांना शॉर्ट करायचं. तार तोडली की सगळी गिटारच मुकी होते. पहिल्यांदा वायरिंग करणाऱ्यांचा बहुतेक वेळ याच ठिकाणी जातो. आणि टेलिकास्टरच्या नेक पिकअपवर फेजचा किंवा सीरिजचा प्रयोग करायचा असेल तर आधी त्याचं धातूचं झाकण काळ्या तारेपासून वेगळं करून स्वतंत्र ग्राउंडला जोडा, नाहीतर झाकणाला हात लागला की घूं.

ब्रिज आणि मधला, दोन्ही फेजमध्ये: ब्रायनचा रोजचा आवाज हाच. दोन पिकअप आउट ऑफ फेज केले की खालचा सूर एकमेकांना खोडतो आणि उरतं ते किंचाळणारं वरचं टोक. नुसत्या अ‍ॅम्पवर हा आवाज केविलवाणा वाटतो. बूस्टर आणि पूर्ण व्हॉल्यूमचा एसी३० मिळाला की तोच एकदम पेट घेतो. म्हणून आउट ऑफ फेजची परीक्षा कमी आवाजात घेऊ नका.

तारा पातळ, ८ किंवा ९ चा संच (सगळ्यात पातळ तार इंचाच्या ८ किंवा ९ हजारांश भागाची). स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४ इंच, म्हणजे स्ट्रॅटपेक्षा दीड इंच कमी, त्यामुळे ताण आणखी कमी. लांब स्केलच्या गिटारवर ९ चा संच अर्धा सूर खाली लावला तर हाताला साधारण तसंच लागतं. आणि पिकऐवजी ब्रिटिश सहा पेन्सचं नाणं. नाण्याच्या कडेला खाचा असतात. नाणं तारेला समांतर धरलं तर आवाज मऊ लागतो, जरा तिरकं केलं की प्रत्येक सुराच्या सुरुवातीला खरखर येते, व्यंजनासारखी. हे स्वस्त आणि खरं आहे, पण याला वेळ द्यावा लागतो. नाणं वाकत नाही, त्यामुळे सगळी लवचिकता बोटांतून आणावी लागते. ते घट्ट धरलं तर पातळ तारा तुटतात.

उरला इको. ब्रायनचे सोलो कॅननसारखे (तीच सुरावट उशिरानं पुन्हा येऊन स्वतःवरच चढते तसे) एकमेकांवर चढतात ते इकोप्लेक्स या इको यंत्राच्या टेपवर, डिले सुमारे ८०० मिलिसेकंद. यातली मेख अशी की प्रत्येक डिलेला स्वतःचा अ‍ॅम्प होता. कोरडा (इकोशिवायचा) सूर एका एसी३० मध्ये, पहिला डिले दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात. सगळं एकाच फाटलेल्या अ‍ॅम्पमध्ये टाकलं तर मूळ सूर आणि इको एकमेकांत मिसळून त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नको ते सूर तयार होतात आणि तीन सुरांची सुरावट कुजते. घरी करताना बूस्टरनंतर सिग्नल दोन वाटांनी फोडा. दोन्ही डिले सारख्या वेळेचे, एकापाठोपाठ, फीडबॅक शून्य आणि मिक्स पूर्ण ओला (फक्त इको, मूळ सूर नाही). प्रत्येकाचं आउटपुट वेगळ्या अ‍ॅम्प मॉडेलमध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे, कोरडा मध्ये. मग मेट्रोनोम ७५ वर लावा. एक ठोका बरोबर ८०० मिलिसेकंदांचा होतो. आधी नुसता सा आणि वरचा ग वाजवून पाहा. ठोक्यापेक्षा जरा जरी पुढे पळालात तर पहिल्याच आवर्तनात कळतं.