फोरम काढलास, पण बोलणार कोण?

आमच्या नेरूळच्या एका मित्राने सिडकोच्या बिल्डिंगांसाठी फोरम काढलाय. लीज, ट्रान्सफर, रिडेव्हलपमेंट, गळकी गच्ची, पार्किंगची भांडणं, सगळं एका ठिकाणी. आयडिया झकास, पण पठ्ठ्याने ढीगभर सेक्शन उघडून ठेवलेत, प्रत्येकात शून्य धागे (म्हणजे चर्चा) आणि लिंक मात्र वाशी ते बेलापूर सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्ड. आता विचारतो लोक येऊन लगेच जातात का?

अरे बाबा, थांबून करायचं काय त्यांनी? रिकामं हॉटेल बघून आपणही पुढेच जातो ना.

दोन सेक्शन ठेव, बाकीचे सध्या झाकून टाक. मग वर्षानुवर्षं सेक्रेटरी असलेले एखादे काका गाठ, ज्यांना एनओसीची कागदपत्रं तोंडपाठ असतात, ते बोलतील आणि तू टाईप कर (काका स्वतः टाईप करणार नाहीत, तो नाद सोड). कारण गुगलवर फोरम कोणी शोधत नाही, 'वडिलांच्या नावावरचं सिडकोचं घर माझ्या नावावर कसं करायचं' असं शोधतात, तेही एजंटने आकडा सांगून घाम फोडल्यावर. नेमकं हेच उत्तर तुझ्याकडे असलं तर गुगल माणूस दारात आणून सोडेल, ग्रुपवरचं उत्तर संध्याकाळपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलेलं असतं. आणि उत्तरं वाचायला पण लॉगिन करायची अट आधी काढ!

रेडिट नावाच्या फोरमवाल्यांनी २००५ साली सुरुवातीला स्वतःच डुआयडी (खोट्या नावांची डुप्लिकेट खाती) काढून पोस्टी टाकल्या होत्या. तिकडे खपलं, इथे नेरूळात लिहिण्याच्या स्टाईलवरून ओळखतील आणि मग कायमची चेष्टा.

रोमातल्या (रीड ओन्ली मोड, म्हणजे नुसतं वाचणाऱ्या) लोकांवर पण चिडू नकोस. वेबसाईट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००६ मध्येच लिहून ठेवलंय की साधारण ९० टक्के नुसते वाचतात, ९ कधीमधी लिहितात आणि खरं ओझं १ टक्का उचलतो. तो एक टक्का जपायचा, त्यांना नावाने हाक मारायची, त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहू द्यायचा नाही. मायबोली ही मराठी साईट १९९६ पासून टिकून आहे त्यात गणेशोत्सवाच्या स्पर्धांचा, गटगचा (गेट-टुगेदर) आणि वविचा (वर्षाविहार, म्हणजे पावसाळी सहल) वाटा मोठा आहे असं मला तरी वाटतं, एकदा समोरासमोर चहा झाला की आयडीचा माणूस होतो. वाशीत एक गटग ठेव की!

तर हा म्हणतो, लोगो बदलू का? नको रे, तो लिफ्टच्या मेंटेनन्सचा प्रश्न परवापासून तसाच पडलाय, त्याला आधी प्रतिसाद दे.