परड्यातली पिल्लं आणि लशीची बाटली

कोंबड्या पाळायच्या तर आधी खुराडं, मग पिल्लं, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आम्ही कुडाळजवळ राहतो. मागच्या परड्यात झाडोरा भरपूर, त्यामुळे मुंगूस, रानमांजर, धामण सगळ्यांची ये-जा. नवऱ्याने चिऱ्यांच्या जोत्यावर खुराडं बांधून घेतलं आणि बोटही जाणार नाही अशी अर्ध्या इंचाची जाळी मारली. मोठ्या कोंबडीला आत दीड-दोन चौरस फूट जागा धरली. दिवसा त्या परड्यात फिरणारच होत्या.

पाऊस ओसरल्यावर वनराज जातीची एक दिवसाची पिल्लं आणली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पाळणुकीसाठीच ही जात तयार केली आहे. गावठीपेक्षा अंडी जास्त देते आणि अंगानेही भरते.

पहिल्या महिन्यात खरं काम उबेचं. पडवीत पुठ्ठ्याचं गोल कुंपण केलं, खाली भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र आणि वर बल्ब. पहिल्या आठवड्यात साधारण ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, मग दर आठवड्याला पाचेक अंशांनी कमी करायची. थर्मामीटर होता, पण पिल्लं स्वतःच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजतेय, कुंपणाला चिकटून चोच उघडी टाकली की उकडतंय. सगळीकडे पसरून दाणे टिपत असली की बरोबर. दुसरीतली लेक दोन दिवसांत हे शिकली. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच ती पडवीत वाकून बघायची आणि "आई, बल्ब वर घे" म्हणून हाक मारायची. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो.

धाकटा चार वर्षांचा, पिल्लू दिसलं की गालाला लावणारा. पण कोंबड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला पोटात जाऊ शकतो आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. म्हणून पिल्लाला तोंड लावायचं नाही आणि हात साबणाने धुवायचे, या दोन गोष्टींवर आम्ही ठाम राहिलो. "हात धुतल्याशिवाय खाऊक गावचा नाय," हे आजीचं वाक्य आमच्यापेक्षा जास्त लागू पडलं.

आम्हाला खरी अडचण आली ती लशीची. मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य आजाराची लस हॅचरीतच टोचलेली असते, पण पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेत रोगासाठी, लासोटा ही लस द्यावीच लागते. मानमोडी शिरली की वाडीतल्या कोंबड्या पटापट जातात, हे इथे प्रत्येक घराने पाहिलंय. लशीची बाटली मात्र शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी, आणि आमची पिल्लं डझनभर. एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. मग सासूबाई शेजारच्या घरांतून फिरल्या. ज्यांच्याकडे पिल्लं होती ते सगळे एका संध्याकाळी डालगी घेऊन आमच्या अंगणात जमले. नवऱ्याने थर्मासात बर्फ घालून बाटली आणली. एका डोळ्यात एक थेंब. लेकीने पिल्लू ओंजळीत धरायचं, थेंब पडला की त्याने डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं आणि मगच दुसऱ्या डालग्यात सोडायचं. घाई केली तर थेंब ओघळून जातो. पुढची गंबोरो या आजाराची लस, लासोटाचा दुसरा डोस, कोंबड्यांच्या देवीची लस, सगळं असंच मिळून केलं. घरटी खर्चही किरकोळ पडला. थोडीच पिल्लं पाळणाऱ्यांनी आधी शेजार गोळा करावा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

दीड-दोन महिन्यांत तुरे लाल व्हायला लागले आणि नर कोण, तलंगा म्हणजे तरुण माद्या कोण ते कळलं. एक कोंबडा ठेवून बाकीचे विकायचे हे ठरलेलं होतं. लेकीने विचारलं, "ते खाणार का त्यांना?" मी हो म्हटलं. आमच्याकडे कोंबडी-वडे होतात, ते कुठून येतात हे तिला ठाऊक असलेलं बरं. ती रडली, जेवली नाही. नंतर तिनेच ठेवायचा कोंबडा निवडला.

आता तलंगा अंड्यावर आल्यात, आणि खाद्यात शिंपल्यांची पूड घालतो. वनराज सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, म्हणून शेजारच्या काकूंच्या गावठी कोंबडीखाली आमची अंडी ठेवली आहेत. लेकीने कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केलाय, त्यापुढे लासोटाची तारीख लिहिलीय, आणि त्या दिवशी कोणाकोणाला बोलवायचं ती घरंही.