वांग्याचं फूल आणि नादकाटा

आज परागीभवनाच्या तासाला फळ्यावर मधमाशी काढलीच नाही. वांग्याचं ताजं उमललेलं फूल घेतलं, खाली काळा कागद धरला आणि वाजता नादकाटा (ठोकला की थरथरत नाद करणारा धातूचा दुहेरी काटा) फुलाला अलगद टेकवला. परागकोशांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून पिवळी भुकटी भुरभुरली. वर्ग एकदम गप्प!

हे परागकोश (परागांच्या पिशव्या) उभ्या चिरेने उकलत नाहीत, पराग हलवूनच काढावे लागतात. काळा भुंगा पंखांचे स्नायू थरथरवून ते करतो. मधमाशीला ही कला येत नाही. (मध देते म्हणून सगळं श्रेय तिलाच, हा जरा अन्यायच.) फूल शिळं किंवा ओलं असेल तर प्रयोग फसतो, पराग चिकटून बसतात.

मग भोपळा. मादी फुलाखाली इवलासा भोपळा, नर फुलाखाली नुसता देठ. हे मात्र सकाळीच दाखवा, दुपारपर्यंत फुलं मिटतात.