वारुळावरची अळंबी: देठ खणल्याशिवाय टोपलीत टाकू नका

दोन दिवस पावसाची झड, मग एक दमट उघाड. त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडतानाच निघालो. उन्हं चढली की टोप्या पसरून फाटतात आणि पापुद्र्यांत किडे दिसू लागतात. सोबत खुरपं, सुरी, टोपली. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजते आणि घरी पोचेपर्यंत चिकट होते.

उतारावर दहा पावलांत वीस-पंचवीस सापडल्या. वारूळ दिसत नव्हतं, आणि त्यात नवल नाही: वाळवीचं घर पुष्कळदा पूर्ण जमिनीखाली असतं. तिने तिथे पोसलेल्या बुरशीतूनच ही अळंबी वर येते. म्हणजे नुसत्या जागेवरून ओळख पटत नाही.

एका देठाभोवतीची माती वीतभर खोल मोकळी केली. देठ खाली निमुळता होत शेपटासारखा गेलेला, टोपीच्या मध्यावर टणक, टोकदार उंचवटा. बाकीच्याही एकेक करून चार बोटं तरी खणाव्यात. घोळक्यात परकी मिसळलेली असू शकते. जमिनीलगत कापणारे नेमका पुरावाच मातीत ठेवून येतात. बुडाशी पांढरी पिशवी लागली तर ती अमानिटा, म्हणजे विषारी अळंब्यांच्या गटातली, समजावी आणि तिथेच सोडावी. शेपूट मात्र इतर काही अळंब्यांनाही असतं, तेव्हा त्या एकाच खुणेवर विसंबू नये. न उमललेल्या कळ्या घेतल्या नाहीत. कडेच्या गवतातल्या, देठाला कडं असलेल्या दोन मोठ्या छत्र्या निराळ्या बांधून आणल्या.

घरी दोन्ही जातींची एकेक टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घालून वाटीखाली झाकली, बाकीची फ्रिजमध्ये. सहा तासांनी वारुळावरचीचा ठसा, म्हणजे कागदावर गळलेल्या बीजाणूंचा रंग, फिकट गुलाबी आला. गवतातलीचा हिरवट: ती पोट बिघडवणारी, फेकली. ठसा पांढरा आला तरी खाऊ नये. पहिल्या खेपेला जाणकाराला दाखवल्याशिवाय चूल पेटवू नका. जीवघेण्या अमानिटांचं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो.

अर्धा किलोला दोन मोठे चमचे तेल, एक कांदा, सहा लसूण पाकळ्या. माती सुरीने खरवडा, झटपट धुवा. भिजत ठेवली तर स्पंजासारखी पाणी पिते. देठ उभे चिरा. मोठ्या आचेवर टाकली की तीन-चार मिनिटांत पाणी सुटतं. झाकण न ठेवता ते आटू द्या. एकूण पंधरा मिनिटं. मीठ शेवटी, तेही अर्धा चमचा, कारण ढीग आटून निम्मा होतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोनच घास घ्यावेत आणि एक कच्ची अळंबी फ्रिजमध्ये राखावी. त्रास झालाच तर डॉक्टरांना दाखवता येते.