पायरीपाशी

आमची मुलगी रांगत होती तेव्हा कमालीची सावध होती, हे आज तिला पाहणाऱ्या कोणालाही पटणार नाही. घरात एका खोलीतून दुसरीत जाताना एक पायरी लागते. त्या पायरीशी आली की ती थांबायची, एक हात खाली सोडून चाचपायची आणि मग वळून, आधी पाय खाली सोडत, पोटावर घसरत उतरायची. हे शहाणपण तिला कोणी शिकवले नव्हते. कपाळावर दोनदा टेंगूळ आल्यानंतर, दहाव्या महिन्याच्या सुमारास, ते आपोआप आले होते. त्यामुळे त्या पायरीची काळजी करणे आम्ही सोडून दिले होते.

तेराव्या महिन्यात ती चालू लागली आणि त्याच आठवड्यात त्याच पायरीवरून, पुढे जमीन असल्याच्या थाटात, तिने पाऊल सरळ हवेत टाकले. मी दोन हातांवर होतो म्हणून निभावले. घाबरण्यापेक्षाही मी चक्रावलो होतो, कारण ज्या जागेची खडान्‌खडा माहिती होती, तिथेच हे मूल पहिल्यांदा आल्यासारखे वागले होते.

नंतर वाचनात आले की हे तिचे एकटीचे वेंधळेपण नव्हते. कॅरन अॅडॉल्फ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाळांना कमी-अधिक उताराच्या फळ्यांवर सोडून त्यांचे वागणे अनेक महिने पाहिले. रांगण्यात मुरलेली बाळे फार तीव्र उतारापाशी थांबत; परंतु तीच बाळे नुकती चालायला लागली की त्याच उतारावर बेधडक पुढे जात आणि कोसळत. रांगताना कमावलेला अंदाज हा रांगणाऱ्या शरीराचा असतो. उभे राहिल्यावर तोल वेगळा, नजरेची उंची वेगळी, सावरण्याची रीत वेगळी. म्हणून कुठे थांबायचे हे पायांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. याच संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात, १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे आढळले. हा आकडा वाचल्यावर मी तिचे पडणे मोजायचे थांबवले, कारण तासाला सतरा वेळा ‘अरेरे’ म्हणणारा बाप कोणत्याही मुलाला असह्यच होणार.

तिच्या चालण्याआधीचे दोन महिने मात्र मी उगाच वाया घालवले, हे कबूल केले पाहिजे. ओळखीतले एक मूल दहाव्या महिन्यात चालले होते आणि ते ऐकल्यापासून मी आमच्या मुलीकडे परीक्षकाच्या नजरेने पाहू लागलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतील निरोगी मुलांवरून काढलेल्या मर्यादा पाहिल्या तर आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण ८.२ ते १७.६ महिने इतका ऐसपैस आहे, आणि सुमारे चार टक्के मुले तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. ही माहिती मला डॉक्टरांनी आधीच दिली होती. ती ऐकून घ्यायला मीच तयार नव्हतो.

खाण्याच्या बाबतीतही तोच गोंधळ झाला. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट झाले, आणि वर्ष सरताच घास पुढे केला की मान फिरवणे सुरू झाले. दुसऱ्या वर्षात वाढीचा वेग मुळातच मंदावतो, दोन-अडीच किलोंची भर पुरेशी असते आणि भूकही त्या मानानेच लागते. पण उरलेली वाटी हातात घेऊन बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

पायरीचा तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही, याचे कारण वेगळे आहे. तिच्याबरोबर माझेही शिकलेले सारे निरुपयोगी झाले होते. रडण्याच्या सुरावरून भूक की झोप हे मी ओळखायला लागलो, तोवर ती बोट दाखवून मागू लागली. बोटाचा अर्थ लागू लागला, तोवर चंद्राकडे, दिव्याकडे, भिंतीवरच्या मुंगीकडे बोट करून ती काहीच मागत नव्हती, नुसते ‘तूही बघ’ म्हणत होती, आणि मी मात्र तिला काय हवे आहे ते शोधत धावत होतो. कडेवर घेतले की शांत होणारे मूल आता कडेवर घेतल्यामुळेच रडते. जुन्या उपायांवर भिस्त ठेवून मीही बऱ्याचदा हवेतच पाऊल टाकतो.

आता ती वीस महिन्यांची आहे. काल संध्याकाळी ती चालत पायरीशी आली, थांबली, एक पाय पुढे करून पाहिला आणि मागे घेतला. मी बोट पुढे केले. तिने ते बाजूला सारले. मग ती खाली बसली, वळली, पोटावर घसरत, आधी पाय सोडून, जुन्याच रीतीने उतरली, आणि खाली उभी राहून ‘उत्तली’ असे स्वतःलाच सांगून पुढे निघून गेली.